दिसत नाही म्हणजे नाही?

भोपाळ शहराच्या दक्षिण भागात शाहपुरा नावाची वसाहत आहे. मध्ये एक मानवनिर्मित तलाव, भोवती बंगले, सदनिका, शाळा, दवाखाने आणि संध्याकाळी काठावर फिरायला येणारी माणसे. जवळूनच कोलार रस्ता जातो. या बाजूने आणखी थोडे बाहेर पडले की कलियासोत धरण लागते आणि तिथून केरव्याचे रान सुरू होते. या रानात वाघ आहेत. वनविहारातल्या कुंपणाआडचे नव्हेत, तर मोकळे हिंडणारे, स्वतःची शिकार स्वतः करणारे वाघ. २०११ च्या जनगणनेनुसार भोपाळ शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. एवढ्या मोठ्या शहराला खेटून वाघ राहतात, ही गोष्ट सांगितली तर आपल्याकडे पटकन कुणाचा विश्वास बसत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये यांतला एक वाघ मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेच्या आवारात शिरला होता. ही संस्था शाहपुऱ्यापासून फार लांब नाही. गुरांवर हल्ले झाले, पिंजरे लावले गेले आणि शेवटी त्याला पकडून सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडले. तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती, शहरात वाघ शिरला कसा? खरे म्हणजे प्रश्न उलटा विचारायला हवा. बाकीचे वाघ रोज शहराच्या उंबऱ्यावर वावरतात, तरी ते दिसत का नाहीत?

या प्रश्नाचा माग काढू लागले की दोन इतिहास एकमेकांत गुंतलेले आढळतात. एक, प्राण्यांनी लपण्याची कला कशी मिळवली त्याचा; तो लाखो वर्षांचा आहे. दुसरा, माणसाने ते लपणे कसे ओळखले, कसे उचलले आणि शेवटी कसे मोडून काढले त्याचा. हा दुसरा इतिहास भोपाळच्या परिसरात जितका ठळक वाचता येतो तितका क्वचितच कुठे वाचता येत असेल. आणि तो वाचत गेले की आपण थेट आपल्या सत्तरीत येऊन पोचतो.

आधी लपण्याची कला म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी वाघापर्यंत जायची गरज नाही. कोणत्याही तळ्याच्या काठी, आपल्या खाजन शेतीतल्या मानशीजवळसुद्धा, एक मातकट रंगाचा छोटा बगळा चिखलात उभा असतो. त्याच्या मानेवर तपकिरी रेघा, पाठ चिखलाच्या रंगाची. आपण चार पावलांवर जाईपर्यंत तो दिसत नाही. अचानक उडतो तेव्हा पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि क्षणभर वाटते, हा आला कुठून? मराठीत याला ढोकरी म्हणतात आणि दुसरे नाव आहे वंचक. वंचक म्हणजे फसवणारा. ज्याने हे नाव ठेवले त्याने शास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते, पण पक्षी मात्र नीट पाहिलेला होता.

टिटवीचे तसेच. ती घरटे बांधण्याच्या फंदात पडत नाही. उघड्या माळावर, खड्यांच्या मध्ये, सरळ जमिनीवर अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट डाग. जागा माहीत असूनही अंडी डोळ्यांना सापडत नाहीत. समुद्राने टिटवीची अंडी पळवल्याची पंचतंत्रातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीत टिटवी किनाऱ्यावर उघड्यावर अंडी घालते हा तपशील कवीच्या कल्पनेतला नाही, निरीक्षणातला आहे. रातवा तर त्याहून पुढचा. दिवसभर पाचोळ्यात बसून राहतो आणि पाचोळाच होतो.

शास्त्राच्या पुस्तकांत याला छद्मावरण म्हणतात, इंग्रजीतला कॅमुफ्लाज शब्दही आता रुळला आहे. त्याचे ढोबळ मानाने चार मार्ग आहेत. पहिला, पार्श्वभूमीच्या रंगाशी रंग जुळवणे, जसे टिटवीचे अंडे. दुसरा, ठिपक्यांनी किंवा पट्ट्यांनी अंगाची कडा मोडून टाकणे, म्हणजे पाहणाऱ्याला 'हा एक प्राणी' असा आकारच जुळवता येत नाही. तिसरा, अंगावर पडणारी सावली पुसून टाकणे. चौथा, भलतीच वस्तू वाटणे. काडीकिडा काडी वाटतो, आपल्या सह्याद्रीतले ओकलीफ फुलपाखरू पंख मिटून बसले की देठासकट वाळके पान वाटते. या चारही मार्गांना एक अट समान आहे. हलायचे नाही. हलला की खेळ संपला.

तिसरा मार्ग पाहायला गोंयकाराने मासळी बाजारात जावे. टोपलीतला बांगडा हातात घ्या. पाठ गडद निळसर-हिरवी, तिच्यावर गडद रेघा; पोट चंदेरी. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला खालचा काळसर समुद्र दिसतो आणि त्यात बांगड्याची पाठ मिसळते. खालून येणाऱ्या मोठ्या माशाला वरचा उजेड दिसतो आणि त्यात चंदेरी पोट हरवते. यातले आणखी एक मर्म ओळखले ते एका चित्रकाराने. अमेरिकेतल्या अ‍ॅबट थेअरने १८९६ साली मांडले की चित्रकार सपाट कागदावर गोल वस्तू दाखवताना वर उजेड आणि खाली सावली रंगवतो. निसर्ग बरोबर उलटे करतो. पाठ गडद, पोट फिकट ठेवतो, त्यामुळे वरून पडणारा उजेड आणि अंगचा रंग एकमेकांना कापतात आणि गोल प्राणी सपाट भासतो. हरणाचे पोट पांढुरके का, याचेही एक उत्तर यात आहे.

त्याच टोपलीशेजारी लेपो असेल. हा मासा लहानपणी इतर माशांसारखाच असतो, मग एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि तो आयुष्यभर वाळूवर आडवा पडून राहतो, वाळूच्याच रंगाचा. आणि माणकी. तिच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. भोवतीचे स्नायू मेंदूच्या हुकमाने त्या ताणतात किंवा सैल सोडतात आणि पापणी लवायच्या आत अंगाचा रंग बदलतो. नवल असे, की माणकीच्या कुळातल्या बहुतेक प्राण्यांना स्वतःला रंग ओळखता येत नाहीत.

जाता जाता सरड्याची बाजूही मांडायला हवी. रंग बदलणाऱ्या माणसाला आपण सरडा म्हणतो, निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच. पण आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्या नराची मान विणीच्या दिवसांत लालभडक होते ती लपण्यासाठी नव्हे, मादीला दिसावी आणि दुसऱ्या नराने समजून असावे म्हणून. शॅमेलिऑनच्या रंगपालटातही लपण्यापेक्षा राग, भीती आणि ऊन-थंडी यांचा वाटा मोठा असल्याचे आता मानले जाते. म्हणजे म्हणीतला सरडा जितका लबाड, तितका रानातला नाही. तो उलट मनातले उघड करून बसतो.

आता वाघाकडे वळू. वाघ नारिंगी असतो. हिरव्या रानात नारिंगी प्राणी लपणार कसा? सस्तन प्राण्यांच्या केसांना रंग देणारे द्रव्य मेलॅनिन. त्याचे दोनच प्रकार, एक काळा-तपकिरी आणि दुसरा पिवळा-तांबूस. या दोनांत कितीही मिसळ केली तरी पोपटासारखा हिरवा रंग तयार होत नाही. वाघाला हिरवे होताच येत नाही. पण त्याला तशी गरजही पडली नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. चितळ, सांबर, नीलगाय यांच्या डोळ्यांत दोन. हिरवा आणि नारिंगी यांतला फरक त्यांना नीट कळत नाही. २०१९ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या जॉन फेनेल आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या साह्याने हीच गोष्ट तपासून दाखवली. दोन रंगपेशींच्या डोळ्याला वाघ झाडोऱ्यात मिसळून जातो, आपल्यासारख्या तीन रंगपेशींच्या डोळ्याला तो उठून दिसतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. लपणे हा प्राण्याच्या एकट्याच्या अंगचा गुण नाही. तो तीन गोष्टींचा मेळ आहे: प्राण्याचे अंग, भोवतालची जमीन आणि पाहणाऱ्याचा डोळा. वाघाचे कातडे चितळाच्या डोळ्यासाठी घडले, माणसाच्या नव्हे. आणि ते वाळलेल्या गवतासाठी, बांबूच्या बेटासाठी, उन्हा-सावलीच्या कवडशांसाठी घडले, सिमेंटच्या भिंतीसाठी नव्हे. चितळाच्या अंगावरचे पांढरे ठिपकेही त्याच कवडशांचे. २०११ साली विल्यम अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या अंगावरची नक्षी त्यांच्या राहण्याच्या जागेशी ताडून पाहिली. उघड्या मैदानातली मांजरे बहुधा साध्या रंगाची, दाट झाडीतली आणि रात्री हिंडणारी गुंतागुंतीच्या नक्षीची, असे त्यात दिसून आले. प्राण्याच्या अंगावर त्याच्या जागेचा नकाशाच काढलेला असतो म्हणा ना.

हे सारे माणसाने कधी ओळखले? शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी, शिकाऱ्यांनी. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटका आहे. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने जात असता त्यांना दूरवर प्रचंड शिळा दिसल्या. युरोपात पाहिलेल्या चित्रित गुहांच्या परिसराची त्यांना आठवण झाली आणि ते शोध घेत तिथे पोचले. वाकणकर मराठी घरातले. जन्म ४ मे १९१९ चा, नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. सारे त्यांना हरिभाऊ म्हणत. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही तिथे उत्खनन केले, यशोधर मठपाल यांनी चित्रांच्या प्रतिकृती काढून अभ्यास केला आणि २००३ साली भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले. भोपाळ शहरातसुद्धा श्यामला टेकडीवर, आज जिथे मानव संग्रहालय आहे त्या आवारात, असे चित्रित खडक आहेत.

या चित्रांत हत्ती आहेत, बारशिंगे आहेत, गवे, रानडुकरे, हरणे आहेत. ती बहुतेक बाजूने काढलेली, पूर्ण बाह्यरेषेसकट, पांढऱ्या किंवा लाल रंगात. चित्रे पाहताना एक गोष्ट मनात येते. हरिण आयुष्यभर जी गोष्ट लपवायला धडपडते, ती त्याची बाह्यरेषा, नेमकी तीच चित्रकाराने खडकावर उघडी करून ठेवली आहे. रानात तुकड्या-तुकड्यांनी दिसणारे जनावर, झाडाआड एक कान, गवतातून एक पाठ, हे तुकडे जुळवून अख्खा प्राणी मनात उभा करणे हीच शिकाऱ्याची विद्या. ते चित्र त्या विद्येची पाटी आहे, असे मला वाटते. काही चित्रांत माणसांनी मुखवटे घातले आहेत. ते नाचाचे, विधीचे की शिकारीचे, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. पण दुसऱ्याचे रूप घेणे ही कल्पना माणसाच्या डोक्यात तेव्हाच आली होती हे नक्की.

पुढे याच मुलखात नवाबी शिकार आली. भोपाळचे शेवटचे सत्ताधारी नवाब हमीदुल्ला खान, कारकीर्द १९२६ ते १९४९, पोलो आणि शिकार या दोन्हींसाठी प्रसिद्ध होते. चिकलोदला त्यांची शिकारीची कोठी होती. त्या काळच्या शिकारीतला हाका आपण ऐकून असतो. शेकडो माणसे ढोल बडवत, आरडाओरडा करत रान विंचरत निघायची आणि शिकारी पुढे मचाणावर पानांआड दडून बसायचा. एवढा खटाटोप का? कारण बसलेला वाघ दहा पावलांवरूनही दिसत नाही. त्याला उठवायला हवे, चालायला लावायला हवे. हलायचे नाही ही लपण्याची अट मोडायला लावणे, हेच हाक्याचे सारे तंत्र. आणि गंमत पाहा, हाक्यात लपण्याची कला जनावराकडून निघून माणसाकडे आली. मचाणावर पानांआड माणूस, उघड्यावर वाघ.

फौजेनेही ती उचलली. लाल कोटातली इंग्रजी फौज डोंगराळ मुलखात लांबूनच टिपली जाई. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेनने गाइड्स ही पलटण उभारली आणि तिच्यासाठी मातीच्या रंगाचा पोशाख निवडला. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. आज आपल्याला खाकी म्हटले की पोलीस आठवतो, पण तो रंग मुळात टिटवीच्या अंड्याचा वंशज आहे. १९१५ साली पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने चित्रकारांची वेगळी तुकडीच तोफा लपवण्याच्या कामाला लावली आणि कॅमुफ्लाज हा शब्द जगभर गेला.

तोवर शास्त्रज्ञही जागे झाले होते. हेन्री बेट्सने १८६२ साली अ‍ॅमेझॉनमधल्या फुलपाखरांच्या नकलांवर लिहिले. आल्फ्रेड वॉलेसने १८६७ च्या निबंधात वाघाचे उभे पट्टे बांबूच्या उभ्या काठ्यांशी जुळतात हे नोंदले आणि सुमात्रातल्या पानफुलपाखराचे वर्णन पुढे केले. डार्विन आणि वॉलेस यांच्या मते यामागे कुणाची योजना नव्हती. जे दिसले ते खाल्ले गेले, जे दिसले नाही ते उरले आणि त्यांची पिल्ले झाली. एवढा साधा, निर्दय हिशेब. थेअरची मात्र या विषयाने पुढे पाठच सोडली नाही. १९०९ च्या ग्रंथात त्याने रोहित पक्षीसुद्धा सूर्यास्ताच्या आभाळात लपण्यासाठी गुलाबी असतात असे प्रतिपादन केले आणि थिओडोर रूझवेल्टने त्याची चांगलीच हजेरी घेतली. प्रत्येक रंग लपण्यासाठीच नसतो, हे भान १९४० साली आलेल्या ह्यू कॉट याच्या ग्रंथापर्यंत पक्के झाले होते.

आपल्याकडे याच सुमारास सालिम अली संस्थानिकांच्या मदतीने पक्ष्यांची पाहणी करत होते. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर अशी संस्थाने त्यांनी पालथी घातली. त्या यादीत भोपाळही आहे. आपण चोडणच्या बेटावर ज्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य पाहतो, तेच हे सालिम अली. पानांत, पाचोळ्यात, चिखलात दडलेल्या जिवांना हुडकून त्यांची रीतसर नोंद करणारी ही पिढी. शिकाऱ्याचीच नजर, पण हेतू बदललेला.

आता शाहपुऱ्याकडे परत येऊ. जागा बदलली की लपणे निकामी होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथला एक पतंग फिकट, ठिपकेदार, दगडफुलांनी भरलेल्या खोडावर बेमालूम मिसळणारा. कारखान्यांच्या काजळीने खोडे काळी पडली आणि फिकट पतंग उघडे पडू लागले. १८४८ साली मँचेस्टरला काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. शतकाच्या अखेरीस तिथे काळेच बहुसंख्य झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा सुधारली तसे फिकट पुन्हा वाढले. मायकेल मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात हजारो पतंगांवर प्रयोग करून, पक्षी उठून दिसणाऱ्या पतंगांनाच अधिक खातात हे दाखवले. पतंगाची पिढी वर्षाची असते, म्हणून तो निभावून गेला. वाघाचे तसे नाही. त्याच्या रानाच्या जागी दहा-वीस वर्षांत रस्ता, भिंत आणि दिवे येतात. तेवढ्या वेळात कातड्याचा रंग बदलत नसतो.

मग तो काय करतो? तो वेळ बदलतो. २०१८ साली केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरचे ७६ अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात, असे त्यातून दिसले. शहरालगतच्या वाघाने गवताच्या जागी अंधार पांघरला. आपण दिवे मालवून निजलो की तो उठतो. शाहपुऱ्यातून केरव्याच्या बाजूला सहलीला गेलेल्या माणसाला तो दिसत नाही, यात काही चमत्कार नाही. पण दिवे आणखी पुढे सरकले तर अंधारही संपेल, आणि त्यानंतर लपायला काही उरत नाही.

इथवर माणूस वाघाला शोधत होता मारण्यासाठी. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प आल्यावर तो शोधू लागला मोजण्यासाठी. जे दिसत नाही ते मोजायचे कसे? बरीच वर्षे पंजांच्या ठशांवरून मोजणी होत असे. मग २००५ साली उघड झाले, की राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही. कागदावर वाघ होते, रानात नव्हते. २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाची तीच गत झाली. वाघ दिसत नाही याचा अर्थ तो लपला आहे, असे समजून यंत्रणा निर्धास्त राहिली आणि शिकाऱ्यांनी रान रिकामे केले.

यावर उपाय सापडला तो वाघाच्या कातड्यातच. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही वेगळी असते. नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात रानवाटांवर आपोआप टिपणारे कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ केली. पुढे देशाची गणना तिच्यावर उभी राहिली. २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे निघाली, त्यांत वाघांची ७६,६५१ होती आणि त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. ज्या पट्ट्यांनी वाघाला लाखो वर्षे अनोळखी ठेवले, तेच पट्टे त्याचे ओळखपत्र झाले. कॅमेऱ्याला कंटाळा नाही, त्याला रात्रही चालते आणि त्याच्यापुढून चालत गेलेल्या वाघाला हलायचे नाही ही अट पाळता येत नाही.

भोपाळच्या वाघांना या कॅमेऱ्याने तारले असे म्हणायला हरकत नाही. शहरालगत वाघ आहेत ही लोकांची बोलवा उरली नाही, नोंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये रातापाणीचे रान व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. सुमारे ७६४ चौरस किलोमीटर गाभा, भोवतीचा पट्टा धरून सुमारे १,२७१. भीमबेटका याच रानाच्या कुशीत आहे, आणि या व्याघ्र प्रकल्पाला नाव दिले गेले ते डॉ. विष्णु वाकणकर यांचे. खडकावरचे दडलेले प्राणी ज्याने जगासमोर आणले त्या मराठी माणसाच्या नावाच्या रानात आज जिवंत प्राणी दडून राहतात.

आणि आपण? गोव्यातही कॅमेरा तेच सांगत आला आहे. २००९ साली सत्तरीत केरीच्या बाजूला वाघ मारला गेल्याचे प्रकरण गाजले. २०१३ मध्ये म्हादई अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. २०१८ च्या गणनेत गोव्याच्या नावावर तीन वाघ होते. तरीही एक वाक्य आपण पुनःपुन्हा ऐकत आलो: गोव्यात वाघ राहत नाहीत, ते शेजारच्या राज्यातून येतात आणि जातात. जणू वाघाला चोर्ल्याच्या घाटात नाक्यावर थांबवून कुणी विचारले होते, मुक्काम करणार की परत जाणार! मग जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. बछडे! नुसती ये-जा करणारी वाघीण तीन पिल्लांचे बिऱ्हाड घेऊन हिंडत नाही. ते चारही वाघ आपण मेल्यावर पाहिले. जिवंत असताना ते इतके छान लपले होते की आपल्या लेखी नव्हतेच.

गुरे गेली म्हणून विष घालणाऱ्याला नुसते शिव्या घालून भागत नाही. ज्या घराची म्हैस वाघ नेतो त्या घराला वाघ आहे हे सगळ्यांत आधी कळते. सरकारदरबारी मात्र वाघ 'नाही', म्हणजे त्या घराचे नुकसान कुणामुळे झाले? वाघाला नाकारले की त्याच्या शेजारी राहणारा माणूसही नाकारला जातो. विषाला तर डोळेच नसतात. त्याच्यापुढे ना पट्टे कामाला येतात ना अंधार. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. पण 'दिसत नाही, म्हणून नाही' हे अनुमान निसर्गाच्या इतिहासात कुठेच बसत नाही, एवढे सांगायला वकील लागत नाही. सरिस्कात 'दिसत नाही, पण असेल' म्हणून फसगत झाली. गोव्यात 'दिसत नाही, म्हणजे नसेल' म्हणून होते आहे. दोन्हीकडे चूक एकच, न पाहता ठरवण्याची.

आपल्या पूर्वजांची समजूत याहून बरी होती. गोव्याच्या गावागावांतून, रानाच्या कडेला, वाघ्रोची शिळा आढळते. दगडात कोरलेला वाघ, त्याला वर्षातून एकदा तरी नारळ, फुले. सत्तरीत वाघेरीचा डोंगर आहे, फोंड्यात वाघुर्मे गाव आहे. ही नावे ठेवणाऱ्यांना आणि शिळा बसवणाऱ्यांना वाघ काही रोज दिसत नसणार. एखाद्याला उभ्या जन्मात एकदा दिसला असेल, एखाद्याला तोही नाही. पायवाटेवरचा पंजा, पहाटे भेकराचे भुंकणे, गोठ्यात कमी झालेले एक वासरू, एवढ्यावर त्यांनी ओळखले की या रानाला आपल्याखेरीज आणखी एक धनी आहे. त्यांनी त्याला भ्यायले, त्याच्याशी भांडलेही असतील. पण तो नाहीच, असे त्यांनी कधी म्हटले नाही.